दार बंद, माणसं बंद : महामारीत डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्यांचं काय झालं आणि त्यांना आधार कसा देता येतो?

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा बहुतेक घरांत पहिली काळजी किराण्याची होती. डिमेन्शियाचा रुग्ण असलेल्या घरात मात्र वेगळाच प्रश्न होता : उद्या सकाळी मावशी येणार का?

मावशी म्हणजे ब्युरोमार्फत किंवा ओळखीतून रुग्णाजवळ थांबायला येणारी बाई. मुंबईत ती विरार, कल्याण किंवा पनवेलकडून लोकलने येते. लोकल बंद झाली आणि अनेक सोसायट्यांनी बाहेरच्यांना गेटवरच अडवलं. आंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, रात्री दोन वाजता दार उघडून बाहेर निघालेल्या माणसाला समजावून पलंगावर आणणं, हे सगळं एका रात्रीत घरातल्या एकाच व्यक्तीवर येऊन पडलं. ती व्यक्ती बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार डिमेन्शियाच्या रुग्णांच्या देखभालीतले सुमारे ७० टक्के तास स्त्रिया देतात. सरकारी कागदावर त्यांना ‘काळजीवाहक’ म्हणतात. घरात हा शब्द कोणी वापरत नाही. ‘ती बघते सगळं’ एवढंच म्हणतात.

कामाचा भार निदान दिसतो तरी. त्याच्या आड जे एकटेपण असतं, ते महामारीच्या आधीपासून होतं आणि महामारीनंतरही बऱ्याच घरांत तसंच आहे.

‘वय झालं’ म्हणून सोडून दिलेला आजार

साठी बुद्धी नाठी ही म्हण मराठीत इतकी रुळली आहे, की सत्तरीतल्या माणसाने तोच प्रश्न दहादा विचारला तर घरच्यांना त्यात आजार दिसतच नाही. डिमेन्शिया म्हणजे नुसता विसरभोळेपणा नव्हे. स्मृती, भाषा, दिशेचं भान, निर्णय घेण्याची ताकद आणि स्वभाव, यांत हळूहळू होत जाणारी आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणणारी घसरण म्हणजे डिमेन्शिया. त्याची कारणं अनेक आहेत. सगळ्यात जास्त आढळणारं कारण अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराची पहिली नोंद जाहीर केली होती. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं वेगळं आणि हातातला चष्मा कशासाठी असतो हेच न कळणं वेगळं. डॉक्टर फरक समजावताना साधारण असंच उदाहरण देतात.

भारतात हा आजार दुर्मीळ नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असावा, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. त्यातली बहुसंख्य घरीच सांभाळली जातात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशेंनी अल्झायमर झालेला संस्कृत पंडित उभा केला आहे. तो पाहणाऱ्यांच्या लक्षात पंडित तर राहतोच, पण त्याच्या मुलीची होणारी ओढाताणही राहते.

एकटेपण येतं कुठून?

घरात माणूस असताना एकटं कसं वाटेल, असं बाहेरच्यांना वाटतं. पण चाळीस वर्षांच्या संसारातला जोडीदार समोर बसलेला असतो आणि त्याच्याशी बोलता येत नाही. दुपारी पोटभर जेवून तो चार वाजता ‘मला कोणी जेवायला दिलं नाही’ म्हणतो. कधी ‘तुम्ही कोण?’ असंही विचारतो. माणूस आहे, पण तो माणूस नाही. त्याचं दुःख करावं तर लोक म्हणतात, ‘अगं, आहेत ना अजून!’

अमेरिकी संशोधक पॉलिन बॉस यांनी याला ‘धूसर वियोग’ अशा अर्थाचं नाव दिलं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा त्यांनी आधी अभ्यास केला होता. तिथे माणूस शरीराने नव्हता, पण मनात होता. अल्झायमरच्या घरांत त्यांना नेमकं उलट दिसलं. दोन्हीकडे वियोग पुरा होत नाही, त्यामुळे त्याला निरोपही देता येत नाही आणि सांत्वनाला कोणी येत नाही.

त्यात येणारे-जाणारे कमी होतात. पाहुण्यांना काय बोलावं ते सुचत नाही. रुग्ण अचानक चिडतो, कपडे काढतो किंवा सुनेवर चोरीचा आळ घेतो. संशय हे या आजाराचंच एक लक्षण आहे, पण पाहुण्यांना ते माहीत नसतं. मग घरचेच संकोचून बोलावणं बंद करतात. लग्नामुंजीला दोघांपैकी एकच जातो, पुढे कोणीच जात नाही.

तरीही महामारीआधी काही फटी शिल्लक होत्या. भाजी आणायला खाली गेलं की वीस मिनिटं मिळायची. शेजारीण दारात उभी राहून बोलायची. ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, पुण्यातली विरंगुळा केंद्रं, काही शहरांतली डे केअर केंद्रं यांच्यामुळे रुग्णाचे दोन-तीन तास बाहेर जायचे. याला कोणी ‘विश्रांती’ म्हणत नव्हतं, पण तीच विश्रांती होती. टाळेबंदीने नेमक्या या फटी बुजवल्या. त्या वर्षी गणपतीला घरोघर जाणंही थांबलं, आणि अनेक घरांत वर्षातून एकदा येणारा भाचाही आला नाही.

रुग्णांची तब्येत घरात बसून का बिघडली?

डिमेन्शियाच्या रुग्णाला ठरलेला दिनक्रम आठवणीची जागा भरून देतो. सहाला चहा, सातला बागेत फेरी, परतताना देवळापाशी दोन मिनिटं. का ते आठवत नसलं तरी पाय चालत राहतात. बाग बंद झाली आणि ही साखळी तुटली. ‘बाहेर साथ आहे’ हे सकाळी पटवलं तरी दहा मिनिटांनी ते पुसलेलं असायचं, आणि पुन्हा तोच प्रश्न, तोच वाद, दाराची तीच कडी. मास्क लावलेले चेहरे ओळखता येईनात. ओठांच्या हालचालीवरून बोलणं समजून घेणाऱ्यांना, म्हणजे ऐकायला कमी येणाऱ्यांना, ते आणखी जड गेलं. दिवसभर चालू असलेल्या बातम्यांमधली माणसं आपल्या घरातच शिरली आहेत, असंही काही रुग्णांना वाटतं. टीव्ही बंद करणं हा तिथे खरोखरच उपचार असतो.

इटलीत टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यानंतर ८७ केंद्रांनी ४,९१३ रुग्णांच्या घरच्यांना फोन करून विचारपूस केली. जवळपास ६० टक्के रुग्णांची चिडचिड, अस्वस्थता, औदासीन्य, झोपेच्या तक्रारी यांपैकी काही ना काही वाढलं होतं किंवा नव्याने सुरू झालं होतं. सांभाळणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी स्वतःवरच्या ताणाची लक्षणं सांगितली. भारतात चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये सांभाळणाऱ्यांशी फोनवरून बोलून त्यांचे अनुभव नोंदवले. संसर्गाची भीती, रुग्णाला नियम पाळायला लावताना होणारी दमछाक आणि मदत मिळण्यातल्या अडचणी त्यातून पुढे आल्या.

संध्याकाळ सगळ्यात अवघड. दिवस कलला की अनेक रुग्णांची घालमेल वाढते आणि ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. स्वतःच्याच घरात बसून! ‘हेच तुमचं घर’ हे वाक्य खरं असलं तरी कामाचं नाही. त्या क्षणी त्यांना भिंती नको असतात, ओळखीचं काहीतरी हवं असतं. ‘जाऊ या, आधी चहा घेऊ’ किंवा ‘तुमच्या घरी अंगणात कसलं झाड होतं?’ असं बोलणं वळवलं तर दहापैकी काही वेळा जमतं. अंधार पडायच्या आधीच दिवे लावणं आणि दुपारची झोप आवरती घेणं यानेही फरक पडतो. काही वेळा काहीच जमत नाही. तो सांभाळणाऱ्याचा दोष नसतो.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला हवी. एक-दोन दिवसांत रुग्ण एकाएकी फार गोंधळला, ग्लानीत गेला किंवा भलतंच बडबडू लागला, तर ‘आजार वाढला’ असं गृहीत धरू नये. डिमेन्शिया असा एका रात्रीत वाढत नाही. त्यामागे लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, नवं औषध किंवा कोविड असू शकतो. अमेरिकेत आपत्कालीन विभागात आलेल्या ६५ वर्षांपुढच्या ८१७ कोविड रुग्णांच्या अभ्यासात २८ टक्क्यांना येतानाच असा तीव्र गोंधळ होता, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ताप किंवा धाप लागणं नव्हतं. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उत्तर गोव्यात आधीच सापडलं होतं

महामारीत जगभर ‘घरी अडकलेल्या सांभाळणाऱ्यांना मदत कशी पोचवायची’ याची चर्चा सुरू झाली. त्याच्या बारा वर्षं आधी, २००८ मध्ये, गोव्यातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर तो केला होता. त्यामागे ‘१०/६६’ हा आंतरराष्ट्रीय संशोधकांचा गट होता. नावाचा अर्थ असा, की डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत राहतात आणि त्यांच्यावर होणारं संशोधन १० टक्क्यांहूनही कमी.

गोव्यातली कल्पना अगदी साधी होती. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण स्थानिक भाषा बोलणाऱ्या काही जणांना थोडं प्रशिक्षण दिलं. सहा महिने ते किमान पंधरा दिवसांतून एकदा त्या घरी जात. आजार काय आहे ते समजावत, आंघोळीचा किंवा रात्री भटकण्याचा प्रश्न कसा हाताळायचा ते सुचवत, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून देत, सरकारी योजनांची माहिती देत, आणि मुख्य म्हणजे सांभाळणाऱ्याचं ऐकून घेत. आजार बरा करणारं औषध त्यांच्याकडे नव्हतं, आणि ते कोणाकडेच नाही. तरीही अशी भेट मिळालेल्या घरांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं आणि रुग्णाच्या त्रासदायक वागण्याचा त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला.

न्यूयॉर्कमधला अनुभवही याच दिशेचा आहे. तिथल्या अभ्यासात ४०६ रुग्णांचे पती किंवा पत्नी होते, आणि त्यांतल्या निम्म्यांना समुपदेशन, आधारगट आणि अडचणीच्या वेळी केव्हाही फोन करायची सोय दिली गेली. समुपदेशनाच्या सहापैकी चार बैठका एकट्या सांभाळणाऱ्याच्या नव्हत्या. त्यांत बाकीच्या नातेवाइकांनाही बसवलं होतं. अशी मदत मिळालेल्यांनी रुग्णाला, मदत न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे दीड वर्ष (५५७ दिवस) जास्त घरी सांभाळलं. बाईला बरं वाटावं म्हणून करायची ही मेहेरबानी नसते. सांभाळणारी कोलमडली की रुग्णाची सगळी व्यवस्थाच कोलमडते, त्यामुळे तिला दिलेला आधार हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग ठरतो.

दार बंद असताना काय चालू राहिलं?

फोन. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि फोन किंवा व्हिडिओवरून सल्ला व औषधचिठ्ठी देण्याला स्पष्ट चौकट मिळाली. काही मानसोपचाराच्या औषधांवर बंधनं राहिली, तरी दर महिन्याला रुग्णाला रिक्षात घालून दवाखान्यात नेणं अनेकांचं वाचलं. ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही १९९२ मध्ये केरळात सुरू झालेली संस्था या क्षेत्रातली सगळ्यात जुन्या संस्थांपैकी. तिच्या शाखा अनेक शहरांत आहेत. असे आधारगट त्या काळात व्हिडिओ कॉलवर भरू लागले. त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. एरवी रुग्णाला सोडून गटाच्या बैठकीला जाणं ज्यांना जमतच नव्हतं, त्या बायका स्वयंपाकघरातून सामील झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ हा सांभाळणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही याच कामाचा आहे. त्यातला एक पूर्ण भाग सांभाळणाऱ्याने स्वतःची काळजी कशी घ्यावी यावर आहे.

नातेवाइकांचे फोनही आले, पण सगळेच उपयोगी नव्हते. ‘कसं चाललंय?’ या प्रश्नाला ‘ठीक’ एवढंच उत्तर असतं. ‘काल रात्री किती तास झोपलीस?’ असं विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते. ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य वाईट नाही, पण त्यात मागण्याचं ओझं पुन्हा तिच्यावरच टाकलेलं असतं. ‘दर मंगळवारी औषधं मी पोचवीन’ किंवा ‘रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा बाबांशी मी व्हिडिओवर बोलेन, तू तेवढा वेळ गच्चीत जा’ ही खरी मदत. परदेशी असलेल्या मुलालाही हे जमतं, फक्त वेळ रुग्णाची धरावी लागते, आपल्या ऑफिसची नव्हे. व्हिडिओ कॉलवर एका वेळी एकानेच बोलावं. आठ चौकटींत आठ चेहरे दिसले की रुग्ण गांगरतो. ‘ओळखलंत का मला?’ ही परीक्षा घेऊ नये. ‘बाबा, मी सुधीर’ म्हणून सुरुवात करावी आणि शक्य असेल तर जुनं गाणं किंवा आरती सोबत म्हणावी. शब्द गेले तरी चाली बऱ्याच उशिरापर्यंत राहतात.

आणि सल्ले आवरावेत. आठवड्यातून अर्धा तास बोलणाऱ्याला रुग्ण बहुतेक वेळा बराच दिसतो, कारण अनोळखी किंवा क्वचित दिसणाऱ्या माणसासमोर रुग्ण सावरून वागू शकतो. त्यावरून ‘तूच जास्त बाऊ करतेस’ असा निष्कर्ष काढणारा दीर हे या घरांतलं नेहमीचं दुखणं आहे.

राग येतो, आणि तो सांगता येत नाही

अकराव्यांदा तोच प्रश्न आला की आवाज चढतो. कधी हात उगारला जातो, आणि मग रात्रभर अपराधी वाटत राहतं. ‘देवाने आता सोडवावं’ असा विचार येतो आणि आपणच राक्षस आहोत असं वाटू लागतं. आधारगटांत सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात हळू आवाजात बोलला जाणारा विषय हाच. तो बोलला गेला की खोलीतल्या बाकीच्यांच्या माना हलतात.

राग अनावर झाला तर रुग्ण सुरक्षित आहे ना, गॅस बंद आहे ना, एवढं पाहून दुसऱ्या खोलीत पाच-दहा मिनिटं जाणं हा पळपुटेपणा नाही. रुग्णाला खुर्चीला बांधून ठेवणं किंवा न विचारता झोपेच्या गोळ्या वाढवणं मात्र धोक्याचं आहे. पडणं, घशात अडकणं, गोंधळ वाढणं यांची जोखीम त्यातून वाढते. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल किंवा रुग्णाला इजा करण्याचा विचार येत असेल, तर डॉक्टरांना आता स्वतःसाठी फोन करायचा. सांभाळणाऱ्याचा ताण मोजण्यासाठी ‘झारिट’ नावाची २२ प्रश्नांची यादी कित्येक वर्षं वापरात आहे. रुग्णाला तपासायला नेल्यावर ‘माझाही ताण मोजाल का?’ असं डॉक्टरांना विचारता येतं. फारसं कोणी विचारत नाही, हा भाग निराळा.

सांभाळणारीच आजारी पडली तर?

कोविडने हा प्रश्न थेट समोर आणला. घरात एकच व्यक्ती सगळं जाणते, आणि तिलाच चौदा दिवस वेगळ्या खोलीत राहायचं असतं. रुग्ण कोविड वॉर्डात एकटा दाखल झाला, तर तो आपलं नावही नीट सांगू शकत नाही, आणि नर्सला वाटतं की तो मुद्दाम जेवत नाही. त्यासाठी काही कुटुंबांनी एक साधी गोष्ट केली, जी साथ नसतानाही करून ठेवण्यासारखी आहे : एक पानी माहिती. औषधांची नावं आणि वेळा त्यात असतातच. पण खरी उपयोगाची माहिती पुढची असते. त्यांना ‘आजोबा’ म्हटलेलं आवडत नाही, ‘सर’ म्हणा. चहा बशीत ओतून दिला तर पितात. चष्म्याशिवाय घाबरतात. डाव्या कानाने ऐकू येतं. लघवीला लागली की शर्टाचं बटण ओढतात.

असं पान फ्रिजवर चिकटवावं, त्याचा फोटो दोन नातेवाइकांच्या फोनमध्ये असावा, आणि त्या दोघांपैकी एकाने तरी वर्षातून दोन-तीन दिवस प्रत्यक्ष राहून रुग्णाला सांभाळून पाहिलेलं असावं. शेजारी, दुकानदार आणि वॉचमन यांना आजाराची कल्पना देऊन ठेवली, तर रुग्ण बाहेर भटकला तरी लवकर सापडतो.

बोलायला कोणीच नसेल तर सरकारी फोनसेवा आहेत. ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, तिचा क्रमांक १४४१६. ज्येष्ठांसाठीच्या ‘एल्डरलाइन’चा क्रमांक १४५६७. टेलिमानसवर फोन करायला रुग्णच असावं लागत नाही. ‘मी माझ्या सासूबाईंना सांभाळते आणि मला आता झेपत नाही’ एवढं सांगितलं तरी बोलणं सुरू होतं.